दिवसाचं घर

४ फेब्रुवारी

एजंटाचा फोन आला. माझ्या बॅगेला अजून विमानाचा वास आहे, तोवर ह्याच्याकडे नवीन घर तयार. "आजोबा आहेत, एकटेच. बोलायला गोड. तुला कसलाच त्रास नाही," म्हणाला. आधीच्या आजींबद्दलही तो अगदी हेच म्हणाला होता. परक्या देशात नऊ वर्षं मी त्या आजींचं उठवण्यापासून झोपवण्यापर्यंत सगळं केलं, आणि डिसेंबरात त्या गेल्या. त्यांची मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली आणि आठवडाभरात तिने घर विकायला काढलं. तिचंही काही चुकलं नाही. पण माझं तिथलं काम संपलं.

नवीन आजोबांकडे एप्रिलअखेर निघायचं म्हणे. विचार करून सांगते म्हटलं. फोन ठेवून वळले तर हे हातात रंधा घेऊन दारात उभे. ह्यांचं सुतारकाम घरामागच्या शेडमध्ये चालतं, एरवी हाक मारूनही येत नाहीत.

"कधीचं म्हणतोय?"

"एप्रिल."

"बरं," म्हणाले आणि गेले. बायको नऊ वर्षांनी घरी आलीय आणि माणूस तारीख विचारतो. दिवसभर मागे खटखट चालू होती. जेवायलाही उशिरा आले.

७ फेब्रुवारी

माझ्याच घरात मी पाहुणी. मीठ शोधत होते तर सासूबाई म्हणाल्या, "तू बस, तुला सापडायचं नाही." सापडलं नाहीच. साखरेच्या डब्यात मीठ ठेवतात ह्या. का, तर मुंग्यांना फसवायला!

बबडीचं तर विचारूच नका. पंधरा वर्षांची झाली. मी तिकडे असताना फोनवर तासतास बोलायची. कोणत्या मैत्रिणीशी भांडण झालं, कुठल्या बाई रागावल्या, सगळं. आता समोर असते तर "हं" आणि "झालं" याच्या पुढे गाडी जात नाही. आज मी स्वयंपाकघरात, ती बाहेरच्या खोलीत, मध्ये एक भिंत. आणि फोनवर तिचा मेसेज: "आई, तुला निळा आवडतो की हिरवा?" मी ओरडले, "अगं इकडे येऊन विचार की!" आली नाही. आळशीपणाची कमाल आहे. लाडावून ठेवलंय आजीने.

१३ फेब्रुवारी

पोस्टाच्या वरच्या मजल्यावर सरकारने उद्योग साहाय्य कक्ष उघडलाय. बाहेरून परतलेल्यांना आणि बाहेर जायला निघालेल्यांना इथेच काहीतरी सुरू करायला मदत करतात. शिकवतात, जागेचं वर्षभराचं भाडं देतात, सामान देतात. नणंदेने बळजबरीने पाठवलं. वर्गात एकजण कोंबड्या पाळणार, दोघी साबण करणार, एकजण काय करणार ते त्यालाच माहीत नव्हतं.

मला विचारलं, तर मी तोंडातून निघालं ते बोलून गेले. घरून येताना पाहिलं होतं ना, आमच्या रस्त्यावर दर दुसऱ्या दारात एक म्हातारं माणूस खुर्ची टाकून बसलंय. मुलं कामावर नाहीतर परदेशात. आणि सांभाळणारे हात कुठे, तर माझ्यासारखे, लांब कुठेतरी दुसऱ्याच कुणाच्या म्हाताऱ्यांना भरवताहेत. मी म्हटलं, "मी त्यांच्यासाठी दिवसाचं घर काढीन. सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. शाळेसारखं."

कक्षाचे साहेब खोकल्याच्या गोळ्या चघळत ऐकत होते. वाळकुडा माणूस. म्हणाले, "यात माल कुठला तयार होतो?"

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन रडू आलं. सासूबाईंनी विचारलं काय झालं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना शाळेत घालणार? मला नको हं सांगूस यायला. मी काही म्हातारी नाही."

२१ फेब्रुवारी

साहेबांकडे तिसरी फेरी. पहिल्या फेरीत म्हणाले, ही योजना माल बनवणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या फेरीत म्हणाले, बघा जरा, विचार करा, तुमच्याकडे काहीतरी बनत असेलच. माझी टिंगलच चाललीय असं वाटलं. आज मी चिडून म्हटलं, "साहेब, माझ्याकडे काही बनत नाही. बनवतो तो माझा नवरा. आठवडा झाला, एक खुर्ची बनवतोय, म्हाताऱ्या माणसाला हाताला जोर देऊन उठता येईल अशी. ती काय संपायचं नाव घेत नाही!"

साहेबांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

खरंच माझ्या लक्षात आलं नाही. दिवसाच्या घराचं ऐकलंय तेव्हापासून हे त्या खुर्चीमागे लागलेत. सासूबाईंच्या गुडघ्याची उंची मोजतात, शेजारच्या आजोबांना बसवून उठवून बघतात, मग खुर्चीचे पाय कापतात, परत जोडतात. मला वाटत होतं मुद्दाम वेळ काढताहेत, म्हणजे एप्रिल उजाडेल आणि मी जाईन. साहेब म्हणाले, "वृद्धांसाठी आधाराचं सामान आणि त्यासोबत दिवसभराची सेवा. असं मांडू. बसतं नियमात." मग त्यांनी स्वतःच सगळं नीट लिहून घेतलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं की तुमच्या खुर्चीमुळे काम झालं. "असं का," म्हणाले. तेवढंच. पण मग ती खुर्ची तासाभरात पुरी झाली. इतके दिवस काय करत होते देव जाणे.

५ मार्च

जागा मिळाली. चौकातला बंद पडलेला फोटो स्टुडिओ. फोटोग्राफर वारले, मुलं बाहेर. मागच्या भिंतीवर फोटो काढायला रंगवलेलं मोठं तळं तसंच आहे, त्यात दोन राजहंस, एकाची मान जरा वाकडी. रंग मारणार होते, पण हे म्हणाले राहू दे. संडासात आणि भिंतीच्या कडेने ह्यांनी लाकडी कठडे बसवले. कठड्यावरून स्वतःचा हात कितीतरी वेळ फिरवत होते, कुठे कुसळ निघालंय का ते बघत.

मला मदतनीस हवी होती. कोपऱ्यावरच्या घरातली धाकटी सून आली. तिचं मूल अजून रांगतंय. तीही एजंटाकडे नाव घालून बसलीय, जूनमध्ये जायचं आहे. म्हणाली, "ताई, पगार कमी द्या, पण मला काम शिकवा. तिकडे गेल्यावर लाज नको वाटायला." मी हो म्हटलं. माणसाला पलंगावरून उचलताना कंबरेतून नाही, गुडघ्यातून वाकायचं, हे तिला शिकवलं. हात चांगला आहे तिचा. मूल ती बरोबर आणते, ते तळ्याच्या चित्राखाली बसून हंसाला खाऊ देतं.

तिला मी काय सांगणार, जा की जाऊ नको? माझंच अजून ठरलेलं नाही. एजंटाला "नाही" म्हटलेलं नाही मी. हे रोज जेवताना विचारतात, "त्याचा फोन आला होता का?" मी गेले तर बरं, असंच दिसतंय. नऊ वर्षांत माणसाला एकटं राहायची सवय लागते, मी समजू शकते.

१६ मार्च

सुरू झालं. आणि कुणी आलं नाही.

सहा उंच खुर्च्या, धुतलेल्या उशा, सूपचं पातेलं. मी आणि धाकटी समोरासमोर बसून सूप प्यायलो. दुपारी सासूबाई आल्या. "इकडून चालले होते, म्हटलं बघावं किती पैसे बुडवतेय." एका खुर्चीवर बसल्या, उठल्या, परत बसल्या. "ही बरी आहे," म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या.

२३ मार्च

आता पाचजण येतात. त्यातले चौघे सासूबाईंनी आणले, असं धाकटी म्हणते. मला पटत नाही. सासूबाई तर घरी सगळ्यांना सांगत असतात की ही सूनबाईची हौस आहे, चार दिवसांत उतरेल. नजर ठेवायला रोज साडी बदलून येतात आणि सगळ्यांची पत्त्यांची बाजी लावून देतात. हरायला तयार नसतात.

पाचवे लिफ्टवाले आजोबा. एका मोठ्या ऑफिसात जन्मभर लिफ्ट चालवली. आता विसरायला लागलेत. सून त्यांना सकाळी सोडून नोकरीवर जाते. फार नम्र माणूस. मी समोर गेले की विचारतात, "कितवा मजला?" मी म्हणते, "तिसरा." ते मान डोलावतात आणि हात हवेत कुठेतरी ठेवतात. काल धाकटीच्या मुलालाही विचारलं. ते म्हणालं, "बू." आजोबा म्हणाले, "चौथा. धरून उभे राहा."

२ एप्रिल



दुपारी एका आजींना चक्कर आली. मी आणि धाकटी दोघी त्यांच्याजवळ. सासूबाई पाणी आणायला आत. आजींना बरं वाटलं, त्यांना निजवलं, वळून पाहते तर लिफ्टवाल्या आजोबांची खुर्ची रिकामी. दाराची कडी मी लावलेली नव्हती. मीच. दूधवाला येऊन गेल्यावर मीच लोटून घेतलं होतं नुसतं.

रस्त्यावर गेले. डावीकडे की उजवीकडे? ह्यांना फोन केला, एकच वाक्य बोलले. हे शेडमधून तसेच धावत निघाले, कानाला पेन्सिल, एका पायात चप्पल. ती दुसरी चप्पल अजून सापडलेली नाही. आम्ही बाजार पाहिला, नदीचा पूल पाहिला. पुलावर मी खाली बघायला धजले नाही, ह्यांनी बघितलं. "नाहीत," म्हणाले, आणि माझा दंड धरून मला कडेला नेलं.

तेव्हा फोन वाजला. बबडी.

"आई, तुझे ते आजोबा हरवलेत ना? माझ्याजवळ आहेत."

"कुठे?"

"शाळेशेजारच्या उंच इमारतीत. लिफ्टमध्ये. आई, तू घाबरू नकोस. ते ड्यूटीवर आहेत."

आम्ही पोचलो. लिफ्टचं दार उघडलं तर आत आजोबा बटणांपाशी ताठ उभे, शेजारी दप्तर पाठीला लावून बबडी, आणि मागे दोन अनोळखी माणसं पिशव्या घेऊन. "कितवा मजला?" आजोबांनी मला विचारलं. बबडी म्हणाली, "आई तिसऱ्यावरच जाते." आम्ही तिसऱ्यावर गेलो.

शाळा सुटल्यावर मैत्रिणीकडे वही आणायला गेली होती, तिथे तिला दिसले. ओढून आणायचा प्रयत्न नाही केला पोरीने. विचारलं, "आजोबा, ड्यूटी कधी संपते?" ते म्हणाले, "पाचला." मग ती म्हणाली, "मी थांबते, बरोबर जाऊ." आणि थांबली. वरखाली करत. पाच वाजले तेव्हा आजोबांनी लिफ्टमधल्या सगळ्यांना नमस्कार केला आणि माझा हात धरून चालायला लागले.

हे आजोबांना घेऊन पुढे गेले. बबडी माझ्याबरोबर मागे. आणि मग ती बोलली. रस्ताभर. थांबेचना. त्या लिफ्टमध्ये कोण कोण आलं, एका बाईने आजोबांना बक्षीस म्हणून सफरचंद दिलं, वर्गात काय झालं, गणिताच्या बाईंचं लग्न ठरलंय, सगळं. घराजवळ आल्यावर एकदम गप्प. मग खाली बघत म्हणाली, "तू समोर असलीस की मला बोलायचं कसं तेच कळत नाही. फोनवर कसं, तू लांब असायचीस."

"आता जवळ आहे की," मी म्हटलं.

"एप्रिल संपेपर्यंत ना?"

मी भराभर घरात शिरले. तिला वाटलं असेल, मला राग आला.

३ एप्रिल

लिफ्टवाल्या आजोबांची सून आली. मी दारातच सगळं सांगितलं. कडी मी लावली नव्हती, तेही. म्हटलं, आता ती त्यांना काढून नेणार, बाकीचेही नेणार, दुकान बंद. ती खुर्चीवर बसली. राजहंसाकडे बघायला लागली.

"घरून ते कितीदा गेलेत," म्हणाली. "आम्हाला दिवस मावळल्यावर कळायचं. एकदा तर पोलिसांनीच आणून सोडलं. तुम्हाला निदान लगेच कळलं." मग म्हणाली, "आणि काल ते जेवले. पोटभर. म्हणाले, आज खूप गर्दी होती."

ती त्यांना ठेवून कामावर गेली.

मग साहेबांना कळवणं भाग होतं. लपवून चालवायचं असेल तर मला चालवायचंच नाही. पोस्टाच्या वर गेले. त्यांनी ऐकलं, गोळी चघळली. मी म्हटलं, "बंद करणार असाल तर आजच सांगा, म्हणजे लोकांना सांगते."

"बंद कशाला?" साहेब म्हणाले. "दाराला घंटा बसवा. त्याची तरतूद आहे. उद्या येऊन बघतो."

जिन्यात खाली बसले जरा वेळ. वर कक्षात निघालेले लोक मला ओलांडून जात होते. छातीवरचा दगड बाजूला होतो म्हणतात, तो असा, जिन्यात होतो.

परतले तर घंटा आधीच बसलेली होती. कडीही आता वर, आम्हाला सहज आणि त्यांना नाही अशा उंचीला. ह्यांनी सकाळपासून शेड बंद ठेवली होती.

१५ एप्रिल

एजंटाशी समोरासमोर बोलायचं ठरवलं. फोनवर तो मला गुंडाळतो. त्याच्या ऑफिसात बाकावर नेहमीसारख्या मुली रांगेने बसलेल्या, मांडीवर कागद. त्यांच्या टोकाला एक खूप म्हाताऱ्या बाई. मला वाटलं, कुणाला सोडायला आल्या असतील. जवळ गेले तर त्यांचे केस विंचरलेले नव्हते, आणि ब्लाउजची बटणं एक सोडून एक लागलेली.

"ही माझी आई," एजंट म्हणाला. एरवी त्याची जीभ कशी चुरुचुरु चालते. आज खाली बघून बोलत होता. "घरी एकटी ठेवता येत नाही आता. बाई मिळत नाही. ज्या चांगल्या होत्या त्या सगळ्या..."

"तुम्ही पाठवल्यात," मी म्हटलं.

मला त्याला आणखी ऐकवायचं होतं, वाटेत जुळवून ठेवलं होतं सगळं. पण त्या आजी माझ्या हातातल्या पिशवीचा बंद हळूहळू ओढत होत्या, तिकडच्या आजी ओढायच्या तसाच. मी खाली बसून त्यांची बटणं नीट लावली. बाकावरच्या मुली बघत होत्या.

"मी जाणार नाही तिकडे," एजंटाला म्हटलं. "आणि ह्यांना उद्या सकाळी माझ्याकडे सोडा. डबा नको, जेवण आमच्याकडे."

बोलून गेले आणि मग कळलं की ठरलंच होतं माझं. कधी ठरलं कुणास ठाऊक.

रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना सांगितलं. बबडीने ताटावरून मान वर केली नाही, पण टेबलाखालून तिचा पाय माझ्या पायावर येऊन बसला तो जेवण होईपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता मिठाचा डबा कुठला ते शिकावं लागणार." हे उठून मागे गेले. ताटात अर्धं जेवण तसंच. बराच वेळ आले नाहीत. पोट बिघडलं असेल, उन्हात फार हिंडतात.

१९ मे

अकराजण. एजंटाची आई सासूबाईंना पत्त्यांत हरवते, तेव्हापासून सासूबाई सकाळी लवकर येतात. साहेबही अधूनमधून येतात, तपासणीला म्हणून. परवा आले तेव्हा लिफ्टवाल्या आजोबांनी विचारलं, "कितवा मजला?" साहेब म्हणाले, "पोस्टाच्या वर, पहिला." आणि चक्क हसले. गोळी घशात जाता जाता राहिली.

कठड्यांना आणि खुर्च्यांनाही मागणी येतेय. ह्यांनी एक माणूस हाताखाली घेतला, तोही परतून आलेलाच, तिकडे बांधकामावर होता.

आज दुपारी धाकटी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मूल कडेवर. ते आता धरून धरून चालतं, ह्यांच्या कठड्याला धरून.

"ताई, जूनचं मी रद्द केलं तर मला कायमचं ठेवाल?"

मी म्हटलं, "घरच्यांना विचारलंस?"

"नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मी कधीचा वाट बघतोय तू हे म्हणशील म्हणून." आणि हसत म्हणाली, "मग आधी बोलायला काय झालं होतं मेल्याला!"

मीही म्हटलं, पुरुषांचं काही कळत नाही. तिला ठेवून घेतलं. कक्षाकडून मदतनीसाच्या पगाराचा अर्धा भार वर्षभर मिळतो, साहेबांनी आपणहून सांगितलं होतं.

३१ मे

आज सुट्टी. निवांत. भांडी घासून झाल्यावर बसले तर काय करावं कळेना, इतकं रिकामं वाटलं, आणि बरं वाटलं.

हे सकाळपासून शेडमध्ये एका मोठ्या पलंगावर काम करताहेत. चांगला रुंद, सागवानी, डोक्याकडे वेलबुट्टी. ह्यांना वेलबुट्टी कोरताना मी लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गिऱ्हाईक ओळखीचं आहे." मग आत येऊन आमची खोली मोजली. आमच्या दोघांच्या दोन खाटा दोन भिंतींना आहेत, त्या सरकवून मोजली. मी म्हटलं, गिऱ्हाइकाची खोली मोजायची सोडून आमची काय मोजता? म्हणाले, "अंदाज येतो."

दुपारी परत आले. "उंची किती ठेवू? तुला काय वाटतं?"

"मला काय विचारता? ज्यांना त्यावर झोपायचंय त्यांना विचारा."

तर हा माणूस दारातच हसायला लागला. फूटपट्टी हातातून पडली, तरी हसतोय. बबडी आतून धावत आली, तिला कानात काहीतरी सांगितलं, तीही हसायला लागली. मग सासूबाईसुद्धा. मला कुणी काही सांगायला तयार नाही.

हसू दे. इतकं हसणारं घर मी फोनवर कधी ऐकलं नव्हतं. आत्ता मागून रंध्याचा आवाज येतोय आणि हे चक्क गाणं म्हणताहेत, बेसूर. गिऱ्हाईक कोण आहे ते एकदा बघायला हवं. भाग्यवान दिसतंय.